आधी भिंत मोजा, मग चिप निवडा

घरच्या टीव्हीला जोडायला छोटा संगणक, म्हणजे थिएटर-पीसी, जुळवायचा ठरला, की सगळ्यात आधी चर्चा सुरू होते प्रोसेसरची. आय-थ्री घ्यावा की आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी पुरेल की १६, ग्राफिक्स कार्ड लागेल का? हे सगळे प्रश्न पुढचे आहेत. बेत कमी पैशांत बसवायचा असेल तर आधी सुताराकडे असते तशी टेप हातात घ्या. टीव्हीच्या पडद्यापासून सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचे निम्मे निर्णय त्या आकड्यावर ठरतात.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर असते. फुल एचडी चित्रात या रुंदीवर १,९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हा ठिपका १.७ मीटरच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडून सुटा दिसत नाही. आता शहरातला नेहमीचा हॉल डोळ्यांपुढे आणा. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, मध्ये टीपॉय. अंतर आठ-नऊ फूट भरतं. एवढ्या लांबून ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक बहुतेकांना दिसणार नाही. ५५ इंची टीव्ही असला तरी ही सीमा सात फुटांच्या आसपासच येते. ४के चित्रपटांसोबत येणारा एचडीआरचा वाढीव उजळपणा आणि रंग ही गोष्ट वेगळी. ती लांबूनही जाणवते, पण त्यासाठी टीव्हीचा पडदाच मुळात पुरेसा उजळ लागतो, आणि स्वस्त टीव्ही नेमके तिथेच कमी पडतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: साध्या ४३ इंची टीव्हीसमोर आठ फुटांवर बसणाऱ्या कुटुंबाने फुल एचडीचा बेत करावा आणि वाचलेले पैसे आवाजावर खर्च करावेत.

अंतर झालं. आता दुसरा प्रश्न: तुम्ही पाहणार काय? नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ आणि यूट्यूब एवढंच पाहायचं असेल तर संगणक जुळवू नका. स्मार्ट टीव्हीतली ॲप किंवा टीव्हीमागे लावायची स्ट्रीमिंग स्टिक हे काम जास्त चांगलं करते. या सेवांचे चित्रपट कुलूपबंद येतात. मान्यताप्राप्त टीव्हीत आणि स्टिकमध्ये ते कुलूप चिपमधल्या एका सुरक्षित कप्प्यात उघडतं, म्हणून सेवा त्यांना पूर्ण दर्जाचं चित्र देतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये तेच काम बऱ्याचदा सॉफ्टवेअर करतं. त्यावर कंपन्यांचा तितका विश्वास नसल्यामुळे त्या चित्राचा दर्जा उतरवतात. लिनक्सवर तर हे हमखास होतं. ४के ब्लू-रे डिस्कचीही हीच कथा आहे. त्या संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षा सोय लागायची. अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून ती काढून टाकली आणि नव्या यंत्रांवर तो मार्ग बंद झाला.

मग थिएटर-पीसी हवा कोणाला? ज्यांच्याकडे स्वतःचा संग्रह आहे त्यांना, आणि मराठी घरांत असा संग्रह भरपूर आहे. लग्नमुंजीच्या व्हीएचएस कॅसेट, नंतरच्या मिनी-डीव्ही टेप, मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या विकत घेतलेल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, मुलांच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या डिस्क, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलवर काढलेले असंख्य व्हिडिओ. यातलं बरंच काही कुठल्याच स्ट्रीमिंग सेवेवर नाही. व्हीसीडी चालवणारे प्लेअर घराघरांतून भंगारात गेले, लॅपटॉपमधून डिस्कचा कप्पा गेला, आणि नाटकांच्या डिस्क कपाटात पडून राहिल्या. मला या संगणकाचं खरं काम इथे दिसतं. आजीला रिमोट हातात घेऊन तिच्या आवडीचं नाटक लावता यावं, हे त्याचं उद्दिष्ट धरा. यंत्र किती वेगवान हवं हे त्यावरून आपोआप ठरतं.

त्यासाठी व्हिडिओची फाइल उलगडते कशी ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण पैसे वाचवायची किल्ली त्यातच आहे. फुल एचडी चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका चौकटीला सहा एमबीहून जास्त जागा लागते. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे दर सेकंदाला १५० एमबीहून जास्त. चित्रपटाची फाइल मात्र सेकंदाला एखादाच एमबी घेते. मधली सगळी माहिती दाबून बसवलेली असते. मोजक्या चौकटी पूर्ण साठवायच्या आणि बाकीच्यांत आधीच्या चौकटीतला कुठला तुकडा कुठे सरकला एवढीच नोंद ठेवायची, अशी ती रीत. एच.२६४ ही पद्धत २००३मध्ये आली, तिच्यापेक्षा घट्ट दाबणारी एचईव्हीसी २०१३मध्ये आणि एव्ही१ २०१८मध्ये. दाबणं जितकं घट्ट, तितका उलगडण्याचा हिशेब किचकट.

हा हिशेब प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांकडून करून घेता येतो. पण मग ४के एचईव्हीसीला जुना चार गाभ्यांचा प्रोसेसर धापा टाकतो, पंखा घोंगावतो आणि चित्र अडखळतं. दुसरी वाट म्हणजे चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठीच कोरलेला वेगळा भाग. मोदकाच्या साच्यासारखं त्याचं काम चालतं: भराभर, बिनश्रमाचं, पण साचा ज्या आकाराचा असेल तेवढंच. एचईव्हीसीचा साचा असेल तर एचईव्हीसी अगदी सहज उलगडेल. एव्ही१चा साचा नसेल तर ते काम पुन्हा गाभ्यांच्या माथी. म्हणून थिएटर-पीसीसाठी प्रोसेसर निवडताना आय-थ्री की आय-सेव्हन हे दुय्यम, आणि चिप कुठल्या पिढीची हे मुख्य. इंटेलच्या सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५मध्ये, ८-बिट एचईव्हीसीचा साचा आला. १०-बिट एचईव्हीसी आणि यूट्यूब वापरतं ती व्हीपी९ पद्धत पूर्णपणे पेलणारा साचा सातव्या पिढीत आला. डेस्कटॉपच्या दहाव्या पिढीपर्यंत या बाबतीत मोठा बदल झाला नाही, एव्ही१ आलं ते अकराव्या पिढीत. त्यामुळे सातव्या पिढीचा साधा आय-थ्री आणि दहाव्या पिढीचा महागडा आय-सेव्हन चित्रपट दाखवण्याच्या कामात जवळपास सारखेच ठरतात. एएमडीच्या बाजूला सावध राहा. बिनग्राफिक्स-कार्डाच्या संगणकांत लोकप्रिय असलेल्या रायझन ५६००जीच्या चिपमध्ये एव्ही१चा साचा नाही, आणि नुसते चित्रपट पाहायला त्यातली बाकीची ताकद वाया जाते.

या पिढ्यांच्या हिशेबात आत्ता एक चांगला योग जुळून आला आहे. विंडोज १०चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे कार्यालयांनी बदलून टाकलेल्या जुन्या संगणकांना, विशेषतः सातव्या पिढीच्या, विंडोजच्या दुनियेत फारशी किंमत उरलेली नाही. आपल्या कामाला मात्र ते पुरेपूर लायक आहेत, कारण थिएटर-पीसीला विंडोजची गरज नाही. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी ही यंत्रं जाड पुस्तकाएवढी असतात आणि टीव्हीखालच्या फळीवर सहज मावतात. ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर टी असतो तो ३५ वॉटच्या मर्यादेत चालण्यासाठी बनवलेला असतो. तो मिळाला तर उत्तम. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा अशा मालाचा जुना बाजार. रिफर्बिश्ड संगणक विकणारी दुकानं आता जिल्ह्याच्या गावांतही आहेत.

नवे सुटे भाग आणून संगणक बांधण्याची हौस मी समजू शकतो. पण या एका कामासाठी, या बजेटमध्ये, तो सौदा आत्ता परवडत नाही. २०२५च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव चढले आहेत, आणि जुन्या ऑफिस-पीसीत रॅम व एसएसडी बसवलेलीच मिळते. मदरबोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस यांची वेगवेगळी बिलं जोडत गेलात तर बेरीज दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

या जुन्या यंत्रांत एक मेख आहे आणि ती विकत घेण्याआधी कळायला हवी. त्या काळच्या इंटेल चिपमधला एचडीएमआय १.४ पिढीचा होता. त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागतं, आणि ते काही मदरबोर्डवर जादा चिप बसवूनच मिळायचं. या छोट्या यंत्रांवर बहुधा डिस्प्लेपोर्टची भोकं असतात. डिस्प्लेपोर्ट १.२ची ताकद ४के ६०ची असते, पण त्याला स्वस्त, साधा ॲडॉप्टर लावून टीव्हीला जोडलं की पुन्हा ३०वर येतं. तिथे ‘ॲक्टिव्ह’ प्रकारचा ॲडॉप्टर मागायचा. त्यातूनही एचडीआर पलीकडे जाईलच असं नाही. टीव्ही फुल एचडी असेल, किंवा तुमच्या कागदावरचं अंतर आठ फूट असेल, तर यातलं काहीच आडवं येत नाही. टेप आधी हातात घ्यायची ती यासाठी.

मोठा, उजळ ४के टीव्ही आधीच घरात असेल आणि एचडीआरसकट सगळं हवंच असेल, तर जुन्या यंत्राच्या मागे लागू नका. जानेवारी २०२३मध्ये आलेला इंटेलचा एन१०० बसवलेले छोटे नवे मिनी-पीसी मिळतात. त्यात चार साधे गाभे आहेत, खप ६ वॉटच्या वर्गातला आहे, आणि एव्ही१चा साचाही आहे. कार्यालयीन कामाला तो मध्यम, पण चित्रपट दाखवायला नेमका. रास्पबेरी पायचाही विचार पुष्कळ जण करतात. पाय ४ एचईव्हीसी ४केमध्ये उलगडतो आणि शांत असतो. पण पेटी, ॲडॉप्टर, मेमरी कार्ड धरून त्याची किंमत जुन्या ऑफिस-पीसीच्या फार खाली राहत नाही, आणि हार्ड डिस्क जोडायला बाहेरचीच सोय करावी लागते.

आता चित्राच्या चालीकडे वळतो. थिएटर-पीसी टीव्हीतल्या ॲपच्या पुढे जातो तो या एका बाबतीत, आणि नेमकं याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. आपल्याकडचं दूरदर्शनच्या पाल पद्धतीतलं चित्रण, लग्नाच्या कॅसेट आणि इथल्या व्हीसीडी-डीव्हीडी २५ चौकटींच्या. संगणक मात्र सवयीने टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. २४ चौकटी ६०त बसवायच्या तर एक चौकट तीनदा, पुढची दोनदा, अशी आलटून पालटून दाखवावी लागते. कॅमेरा एखाद्या वाड्याच्या भिंतीवरून हळू सरकत असेल तर भिंत बारीक धक्के देत सरकते. २५ चौकटींचं गणित तर ६०त आणखी वाईट बसतं. उपाय फुकट आहे. टीव्ही ५० आणि २४ हर्ट्झ स्वीकारत असेल, आणि आपल्याकडचे बहुतेक टीव्ही ५० हर्ट्झ नक्कीच स्वीकारतात, तर चित्रफितीच्या गतीप्रमाणे पडद्याची गती बदलायची सोय कोडी या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती मुळात बंद असते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. त्यानंतर नाटकाची प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दिसते आणि हालचाल सलग वाहते.

जुन्या टेपांमध्ये याच्याही पुढची गुंतागुंत आहे. पाल चित्र एका दमात येत नाही. आधी एकाआड एक ओळी, मग एक-पन्नासांश सेकंदाने मधल्या उरलेल्या ओळी. दोन्ही अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असतात. त्यामुळे आताच्या पडद्यावर ती तशीच जोडली की वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. चांगला प्लेअर प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चौकट तयार करून सेकंदाला ५० चौकटी दाखवतो. इंटेलच्या चिपमध्ये त्यासाठीही वेगळा भाग आहे, कोडी तो वापरतं. कॅसेटचं रूपांतर करून देणाऱ्या दुकानात या ओळी मिसळून किंवा निम्म्या टाकून देऊन लहानशी फाइल हातात दिली, तर निम्मी हालचाल कायमची गेली. म्हणून रूपांतराला देताना ‘इंटरलेस्ड तसंच ठेवा’ एवढं बजावून सांगा. मिनी-डीव्ही टेप असेल तर ती फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरते. तासाला सुमारे १३ जीबी जागा जाते, पण काहीही हरवत नाही.

व्हीसीडीबद्दलही दोन शब्द. तिचं चित्र अवघ्या ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. फुल एचडी पडदा त्याच्या वीसपट ठिपक्यांचा. ते पसरट दिसणारच, कुठलीही चिप त्यात नसलेला तपशील आणू शकत नाही. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. चित्र चारास-तीन या मूळ मापात ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. रुंद ताणलेल्या चेहऱ्यांनी नटाचा अभिनय बिघडतो. दुसरं म्हणजे डिस्क लवकर उतरवून घ्या. व्हीसीडीत चित्राची माहिती ज्या प्रकारे लिहिलेली असते त्यात चूक दुरुस्त करणाऱ्या जादा नोंदी डेटा-सीडीपेक्षा कमी असतात, त्यामुळे एका ओरखड्यावर कॉपी अडते. डिस्क साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, आणि ड्राइव्ह अडत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर तीच डिस्क लावून पाहा. एकाला न जमलेली डिस्क दुसरा वाचतो असं पुष्कळदा होतं. एमपेगएव्ही नावाच्या फोल्डरातली डॅट फाइल हाच तुमचा चित्रपट. ती व्हीएलसी या प्लेअरमध्ये थेट चालते.

आवाजाकडे येताना बजेटचा मोठा वाटा इकडे वळवा असं मी आग्रहाने सांगेन. टीव्ही जितका पातळ होत गेला तितके त्याचे स्पीकर बारके झाले, आणि बहुतेकांची तोंडं जमिनीकडे किंवा मागच्या भिंतीकडे असतात. नाटकात शब्द ऐकू आला नाही तर उरतं काय? या बजेटमध्ये पाच छोट्या डब्यांचा ५.१ संच घेण्यापेक्षा दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर घ्या, ॲम्प्लिफायर आतच असलेले. त्यांची उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी असावी, आणि दोन स्पीकर व तुमची बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. मग संवाद पडद्याच्या मधोमध उभ्या असलेल्या नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. ५.१ आवाजाचा चित्रपट दोन स्पीकरवर ऐकताना संवाद दबतात, कारण ते मधल्या चॅनेलात असतात आणि मिसळताना मागे पडतात. कोडीत मधल्या चॅनेलची पातळी वाढवता येते.

टाइल्सची फरशी आणि काचेच्या खिडक्या आवाज परतवतात. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांनी शब्द अधिक सुटे होतात, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागतंच असं नाही. पुढे कधी होम थिएटरचा रिसीव्हर घेतलात तर एवढं लक्षात ठेवा: ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनेलचा पूर्ण आवाज किंवा दाबलेला ५.१ जातो, ब्लू-रेवरचा न दाबलेला बहुचॅनेल आवाज जात नाही. त्याला एचडीएमआय हवं.

उष्णता आणि विजेचा विचार आपल्या हवेत टाळून चालत नाही. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात संगणक ठेवू नका. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतली हवाच तापलेली असते, बंद कप्प्यात ती आणखी चढते आणि छोटा पंखा जोरात फिरू लागतो. लहान पंख्याचा आवाजही जास्त कर्कश, कारण तेवढीच हवा ढकलायला त्याला वेगाने फिरावं लागतं. जुन्या यंत्रात प्रोसेसर आणि त्याच्या हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. नवी लावून आतली धूळ झाडली की तेच यंत्र निम्म्यावर शांत होतं, असा माझा अनुभव आहे. किनारपट्टीवर दमट, खाऱ्या हवेने जोडांवर गंज चढतो. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ तरी चालू ठेवलेलं बरं.

विजेचं गणित सोपं आहे. रिकाम्या स्थितीत १० वॉट घेणारं यंत्र महिनाभर अखंड चालू ठेवलं तरी सव्वासात युनिट जळतात. ग्राफिक्स कार्ड लावलेला जुना मोठा टॉवर ६० वॉट घेत असेल तर ४३ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांची पायरी ओलांडली की दर चढतो. शेजाऱ्याने फुकट दिलेला टॉवर महाग पडू शकतो तो असा.

साठवणुकीला सिस्टिमसाठी १२८ जीबीची एसएसडी भरपूर झाली, रॅम ८ जीबी. संग्रह हार्ड डिस्कवर, आणि घरच्या चित्रणाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर. ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा मुलीकडे. नाटकाची डिस्क कुठे तरी पुन्हा मिळेल. बारशाची टेप मिळणार नाही. मोबाइलवरचं ४के चित्रण तासाला दहा-वीस जीबी खातं, त्यामुळे डिस्क घेताना थोडा हात सैल सोडा.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे. कोडीचा जन्म २००२मधला, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रपट चालवायला हौशी प्रोग्रामरांनी केलेला. २०१४मध्ये त्याला आताचं नाव मिळालं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया सेंटरही २००२चंच, पण विंडोज १०मधून ते काढून टाकलं गेलं. हौशी माणसांचं काम टिकलं. लिब्रेइलेक ही छोटी लिनक्स प्रणाली फक्त कोडी चालवण्यासाठी आहे. बटण दाबल्यावर थोड्याच वेळात थेट चित्रपटांची यादी समोर येते, मध्ये डेस्कटॉप नाही, अपडेटच्या सूचना नाहीत. इंटरनेटवरून पोस्टर आणि माहिती ओढायची सोय आहे, पण मराठी नाटकं तिथे क्वचित सापडतात. त्यांची नावं, नटांची यादी, वर्ष हे स्वतः भरावं लागतं. सुट्टीत मुलांना हे काम द्या. देवनागरीत नावं देण्याआधी एक-दोन घालून जोडाक्षरं पडद्यावर नीट उमटतात का ते पाहा.

रिमोटसाठी यूएसबी रिसीव्हरचा साधा रिमोट पुरतो. अँड्रॉइड फोनवर कोडीचं कोरे हे ॲपही चालतं. ज्येष्ठांसाठी मात्र हातात धरायचा, मोजक्या बटणांचा रिमोटच हवा.

आता पैशांची वाटणी. टीव्ही घरात आहे असं धरून २५ हजारांची मर्यादा ठेवली, तर मी बारा-तेरा हजार जुन्या यंत्राला, सात-आठ हजार स्पीकरना, हजार-दीड हजार रिमोट, केबल आणि डीव्हीडी ड्राइव्हला देईन. उरलेल्यात एक छोटी बाहेरची डिस्क येते. मोठी डिस्क पुढच्या वर्षी. भाव सतत हलतात, पण प्रमाण असंच राहू द्या. संगणकाच्या खर्चाने स्पीकरचा वाटा गिळला तर बेत फसला.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर तीन फाइली न्या: एक १०-बिट एचईव्हीसी, एक एव्ही१, एक तुमची स्वतःची जुनी डॅट फाइल. दुकानदाराला त्या विंडोजवर लावायला सांगा आणि टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या पानावरचा ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख पाहा. तो हलतोय आणि प्रोसेसरचा आकडा खाली आहे, म्हणजे साचा काम करतोय. सातव्या ते दहाव्या पिढीच्या यंत्रात एव्ही१ची फाइल लावल्यावर उलटं दिसेल, ते अपेक्षितच आहे. यंत्र अर्धा तास चालू ठेवून पंख्याजवळ कान न्या. डिस्प्लेपोर्टमधून खरोखर चित्र येतंय का तेही तिथेच जोडून पाहा. आणि पावतीवर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्या, कारण रिफर्बिश्ड मालाची हमी दुकानाची असते, आणि नंबर नसलेली पावती घेऊन दोन महिन्यांनी गेलात तर हे यंत्र आमच्याकडचंच कशावरून, असं विचारलं जाऊ शकतं.